बर्फाची भिंत आणि पापडीच्या आठजणी

वसईचा किल्ला पाहायला जाणाऱ्या माणसाला पापडी वाटेत लागते. पापडी पाहायची म्हणून मात्र कोणी घरून निघत नाही. वसई रोड स्टेशनवरून वसई गावाकडे निघालात की एक नाका लागतो, एक तलाव लागतो, अवर लेडी ऑफ ग्रेसचे कॅथेड्रल लागते, आणि केळीच्या वाड्यांचे उरलेसुरले तुकडे इमारतींच्या मधून डोकावताना दिसतात. पाहुणा म्हणतो, "छान गाव आहे हो," आणि किल्ल्याकडे जातो. चिमाजी आप्पांच्या फौजेने १७३९ साली तो किल्ला घेतला. तेव्हापासून आमच्या भागात चढाई म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे पुरुषच उभे राहतात.

खरे पाहता इकडच्या बायकांना चढाई नवी नाही. विरारच्या जीवदानीला तेराशेच्या वर पायऱ्या आहेत. नवरात्रात त्या पायऱ्यांवर पाहावे: कडेवर मूल, हातात ओटीचे ताट, आणि ओठांवर देवीचे नाव. दुसरी चढाई रोजची. सकाळी वसई रोडला विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात शिरणे म्हणजे काय, हे अनुभवल्याखेरीज कळायचे नाही. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी पहिली महिला विशेष गाडी सुटली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. त्या गाड्यांनी आमच्या कित्येकजणींच्या नोकऱ्या टिकवल्या, आणि मैत्रीही जमवल्या. आमचे मंडळ अशाच एका डब्यात जमले.

'मंडळ' हा शब्द जरा मोठा झाला. आमची आहे ती भिशी. आम्ही आठजणी. मी मुंबईच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. एक बँकेत, एक पोस्टात, एक शाळेत. एक मोगऱ्याची वाडी सांभाळणाऱ्या वहिनी. त्या पहाटेच्या गाडीने फुलांचे हारे मुंबईला नेतात. एक इस्पितळातल्या परिचारिका. त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. एक पाचूबंदरच्या मासळी विकणाऱ्या मावशी, वय ५८, भिशीचा हिशेब तोंडपाठ. आणि आठवी माझी एक जुनी विद्यार्थिनी, जी या सगळ्या उपद्व्यापाचे मूळ.

या मुलीने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम केलेला. ही संस्था १९६५ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघाली. १९८४ साली एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला, बचेंद्री पाल, याच संस्थेत शिकल्या. मुलगी परत आल्यावर आम्हाला रविवारी तुंगारेश्वरला नेऊ लागली, मग कामणदुर्गावर. पुढे एका अनुभवी संस्थेच्या माणसांबरोबर मुंब्र्याच्या कातळावर दोर बांधून चढायलाही शिकलो. आणि एका पावसाळ्यात, सगळ्याजणी चिंब भिजून वडापाव खात असताना, ती म्हणाली, "बाई, पाण्याऐवजी हाच धबधबा गोठलेला असता तर?"

त्या 'तर'पायी भिशीत दरमहा प्रत्येकी दोन हजार रुपये पडू लागले. दोन वर्षांनी लेहची तिकिटे आली.

मधल्या काळात पापडीत आम्हाला एकच प्रश्न ऐकू येई: "कशाला?" देवदर्शनाला जाणाऱ्या बाईला हा प्रश्न पडत नाही. माहेरी, बाळंतपणाला, आजारपणाला जाणारीलाही नाही. हिरकणीची कथा आपण पिढ्यानपिढ्या सांगतो. रायगडाचे दरवाजे मिटले आणि ती गवळण रात्री कडा उतरून गेली. कारण घरी तान्हे मूल रडत होते. कथा सुंदर आहे, यात शंका नाही. पण ते मूल काढून टाका आणि 'हिरकणी सहज कडा उतरून गेली' असे सांगून पाहा. ऐकणारा लगेच विचारील, "कशाला?"

दूरच्या देशांतही निराळे नव्हते. लूसी वॉकर या इंग्रज बाईंनी १८७१ साली मॅटरहॉर्न सर केला तो लांब झग्यात. जपानच्या जुन्को ताबेई यांनी १९६९ साली बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला. एव्हरेस्टसाठी पैसे मागायला गेल्यावर त्यांना ऐकावे लागले की, बायकांनी घरी राहून मुले सांभाळावीत. त्यांची मुलगी तेव्हा लहान होती. पैसा वाचावा म्हणून त्यांनी मोटारीच्या आसनांच्या कापडाचे हातमोजे शिवले. वाटेत हिमलोटाखाली गाडल्या गेल्या, शेर्पांनी ओढून काढले, आणि त्यानंतर १२ दिवसांनी, १६ मे १९७५ रोजी, एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या महिला ठरल्या. आपल्या महाराष्ट्राची पुण्याची कृष्णा पाटील २००९ साली एव्हरेस्टवर पोचली. साताऱ्याची प्रियांका मोहिते २०२१ साली अन्नपूर्णेवर पोचली आणि पुढच्या वर्षी कांचनजंगेवर. आठ हजार मीटरांवरची पाच शिखरे चढणारी ती पहिली भारतीय महिला.

घरच्यांच्या काळजीला मात्र कारण होते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या त्याच संस्थेच्या तुकडीवर हिमलोट कोसळला आणि पंचवीसहून अधिक जण गेले. त्यांत सविता कंसवाल ही तरुण शिक्षिका होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन्ही शिखरे चढली होती. आमच्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी ते कात्रण घडी घालून पाकिटात ठेवले होते. मुलीने त्यांना समोर बसवून नीट समजावले. उंच हिमशिखर निराळे आणि गोठलेल्या ओढ्याची भिंत निराळी. भिंतीवर दोर आधीच वरून सोडलेला असतो. हात सुटला तरी चढणारी जागच्या जागी लोंबकळते. धोका असतो तो वरून पडणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांचा आणि थंडीचा. वडिलांनी सगळे ऐकले, कात्रण परत पाकिटात ठेवले आणि म्हणाले, "हेल्मेट काढू नकोस."

सिस्टरांची अडचण निराळी होती. यजमान कुवेतला. घरी सासूबाई, पक्षाघाताने नऊ वर्षे अंथरुणावर. दिवसा एक बाई येते, पण सकाळ, संध्याकाळ, रात्र सिस्टरांची. दीर-जाऊ नालासोपाऱ्यात राहतात, सणावारी येतात. नऊ वर्षांत सिस्टर एक रात्र बाहेर राहिल्या नव्हत्या, आणि कोणाला "तुम्ही सांभाळाल का?" असे विचारलेही नव्हते. शेवटी सासूबाईंनीच धाकट्या मुलाला फोन लावायला सांगितला. सुनेला म्हणाल्या, "जा गं. सहा दिवसांत मी काय उठून पळणार आहे?"

२४ जानेवारी २०२४, बुधवार. पापडी समुद्राच्या पातळीला. लेह साडेतीन हजार मीटरांवर. तिथल्या हवेचा दाब आपल्याकडच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. विमानातून उतरून जिना चढलो तर मावशी म्हणाल्या, "छातीत कोणी पिशवी बांधली काय?" म्हणून तिथे पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस नुसते बसायचे, पाणी प्यायचे आणि हळू चालायचे. ज्या बायकांनी आयुष्यात कधी दुपारी पाठ टेकली नाही त्यांना हे सर्वांत अवघड गेले. फुलवाल्या वहिनी तर घरमालकिणीची भांडी घासायला निघाल्या होत्या. घरमालकिणीने त्यांना हाताला धरून बुखारीजवळ आणून बसवले आणि लोणी-मिठाचा गुरगुर चहा पुढे केला. बुखारी म्हणजे लोखंडी शेगडी. तिचे धुरांडे छपरातून बाहेर जाते. साऱ्या घराचा जीव तिच्याभोवती. रात्री पारा शून्याखाली १५ अंशांच्या आसपास जाई. सकाळी बादलीतल्या पाण्यावर काच धरलेली असे.

शनिवारी सकाळी गाडीने निघालो. लेहहून खारदुंग खिंडीकडे रस्ता वर चढतो, त्या वाटेवर गांगल्स गाव आहे. तिथे कड्यावरून झिरपणारे पाणी हिवाळ्यात थरावर थर गोठते आणि भिंत तयार होते. अलीकडच्या काही वर्षांत तरुण लडाखी मुलेमुली तिथे बर्फावर चढण्याचे शिक्षण घेऊ लागली आहेत. हिमाचलातल्या स्पितीतही असे सुरू झाले आहे. लडाखी माणसाला बर्फ साठवणे नवे नाही. सोनम वांगचुक यांनी दहा वर्षांपूर्वी बर्फाचे स्तूप उभे केले, ते उन्हाळ्यात शेतीला पाणी मिळावे म्हणून. अमेरिकेतल्या उरे गावात तर नळाने दरीच्या कड्यांवर पाणी सोडून, केवळ चढण्यासाठी बर्फ पिकवतात.

आमच्या शिक्षिका लडाखीच होत्या. तिकडे थोरल्या बहिणीला 'आचे' म्हणतात आणि आदराला 'ले' लावतात. आम्ही त्यांना 'आचे-ले' म्हणू लागलो. बाईने डोंगरात वाट दाखवायची, हे लडाखातही फार जुने नाही. थिनलास चोरोल यांनी २००९ साली केवळ बायकांची अशी लडाखी विमेन्स ट्रॅव्हल कंपनी काढली, तेव्हा लोकांनी तोच प्रश्न विचारला असेल, जो आम्हाला पापडीत विचारला गेला.

भिंत पाहिली आणि आमची बडबड थांबली. तीन-चार मजल्यांची उंची. कुठे पांढरी, कुठे दुधी, कुठे निळी. जागोजागी लोंबत्या सुळ्यांच्या झालरी, आणि आतून कुठेतरी पाणी वाहत असल्याचा बारीक आवाज.

आता साधनांविषयी थोडे सांगते. बुटाखाली लोखंडी दातांची चौकट बांधतात, तिला क्रॅम्पॉन म्हणतात. १९०८ साली ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रजाने दहा दातांची क्रॅम्पॉन तयार केली. त्याआधी उभ्या बर्फावर कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदत जावे लागे. १९२९ साली लोरां ग्रिव्हेल या इटालियन लोहाराने पुढे आलेले दोन दात जोडले, आणि पायरी खोदण्याची गरज संपली. बुटाचे टोक बर्फात मारायचे आणि त्या दोन दातांवर उभे राहायचे. १९६०च्या दशकात इव्हॉन श्विनार या अमेरिकनाने कुऱ्हाडीचे टोक बाकदार केले, त्यामुळे ते बर्फात रुतून धरू लागले. आज दोन्ही हातांत अशी एकेक आखूड कुऱ्हाड घेऊन चढतात. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर. दोर वर पक्क्या बांधलेल्या कडीतून फिरून खाली येतो. खाली उभी असलेली दुसरी बाई तो आवळत राहते.

आचे-लेंनी तीन गोष्टी सांगितल्या. टाच वर उचलायची नाही, उचलली की पुढचे दात सुटतात. कुऱ्हाड मुठीत आवळायची नाही, हात भरून येतो. आणि मारताना कान उघडे ठेवायचे: नीट बसली तर 'ठक्' असा भरीव आवाज येतो, न बसली तर बर्फाची थाळी फुटून अंगावर येते.

ही तिसरी गोष्ट ऐकून मावशी पुढे झाल्या. पाचूबंदरच्या बाईचा बर्फाशी जन्माचा संबंध. बर्फाची लादी यायची, फोडायची, चुऱ्यात पापलेट झाकायचे. मावशींनी कुऱ्हाडीने भिंतीवर चार ठिकाणी ठोकून पाहिले आणि एका निळसर फुगवट्याकडे बोट दाखवले. "हा पोकळ हाय. इथं नको." आचे-लेंनी स्वतः ठोकून पाहिले, मान हलवली आणि आमचा दोर दोन हात डावीकडे सरकवला. त्यानंतर दोन दिवस मावशी शिष्या कमी आणि सहकारी जास्त होत्या.

चढणे आम्हाला जमले, हे मी गर्वाने सांगत नाही. विद्यार्थिनी सरसर गेली. बँकेतल्या ताई अर्ध्यावरून परतल्या आणि दुसऱ्या खेपेला पोचल्या. मी पोचले तेव्हा बोटे बधिर झाली होती. खाली आल्यावर त्यांत रक्त परत शिरले, तेव्हा मुंग्या येणे हा वाक्प्रचार किती सौम्य आहे ते कळले. ते विंचू होते. पोस्टातल्या ताई त्याच वेदनेने रडल्या आणि हसल्याही.

खरी परीक्षा वर पोचल्यानंतर होती. भिंतीच्या माथ्यावर आलात की खाली यायचे ते दोरावर बसून. दोन्ही कुऱ्हाडी उपसायच्या, हात सोडायचे, मागे रेलायचे आणि आपला सगळा भार खालच्या बाईच्या हाती द्यायचा. ती दोर हळूहळू सोडते, तुम्ही पावले टेकवत उतरता. शहाण्या माणसाला सोपे वाटेल. आम्हा आठांपैकी सातजणी तिथे अडल्या. चढताना न घाबरलेल्या बायका उतरताना कुऱ्हाडी सोडीनात. फुलवाल्या वहिनी वरून ओरडल्या, "माझं वजन जास्त आहे, तुम्हाला झेपायचं नाही!" दोर पेलायला आचे-लेंसकट तिघीजणी उभ्या होत्या, तरी.

सिस्टरांची पाळी रविवारी दुपारी आली. त्या सगळ्यांत नीट चढल्या. टाच एकदाही उचलली नाही. माथ्यावर पोचल्या आणि थांबल्या. पाच मिनिटे झाली, दहा झाली. "येते, येते," म्हणत. पण हात सुटेनात. थंडीत एका जागी थांबणे बरे नसते. आचे-ले वर जायच्या तयारीला लागल्या. दोर मावशींच्या हातात होता, त्यांच्या मागे आचे-लेंची मदतनीस मुलगी. मावशींनी बाजारात हाक मारावी तशी हाक मारली.

"सिस्टर! सासूला खाटेवरून खुर्चीत कशी उचलता?"

वरून काहीच उत्तर नाही.

"ती कठडा धरून बसते तेव्हा काय सांगता तिला?"

मग वरून बारीक आवाज आला, "सोडा आई, मी धरलंय."

"मग सोड गं बाय," मावशी म्हणाल्या. "मी धरलंय."

सिस्टरांनी आधी उजवी कुऱ्हाड उपसली, मग डावी. मागे रेलल्या. दोर ताणला गेला आणि मावशी अर्धे पाऊल पुढे ओढल्या गेल्या. पण दोर सुटला नाही. सिस्टर खाली आल्या, बर्फावर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आम्हीही काही विचारले नाही. वहिनींनी पिशवीतून सुकेळी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

त्या रात्री बुखारीजवळ बसलो असताना हिरकणीची आठवण निघाली. पोस्टातल्या ताई म्हणाल्या, "चढणं सोपं असतं हो. तिचं नाव झालं ते उतरण्यानं." मी पंचवीस वर्षे ही कथा वर्गात सांगते आहे, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मात्र हिरकणी एकटी उतरली. तिच्या खाली दोर धरणारे कोणी नव्हते. आपल्या घरांतल्या पुष्कळ बायका अजून तशाच उतरतात. साऱ्यांचा भार त्यांच्या हाती असतो आणि त्याचे त्यांना ओझे वाटत नाही, असे त्या म्हणतात. आपला भार मात्र कोणाच्या हाती द्यायचा तर त्यांना लाज वाटते. भय वाटते, असेही म्हणता येईल. पण मला वाटते, लाजच अधिक.

सोमवारी परतलो. नालासोपाऱ्याच्या जाऊबाई सहा दिवसांत थकून गेल्या होत्या. पण सासूबाई रात्री कितीदा हाक मारतात, त्यांना कोणत्या कुशीवर बरे वाटते, हे त्यांना पहिल्यांदा कळले होते. सिस्टरांनी त्याच संध्याकाळी दीर-जावेला चहाला बसवले आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार मागून घेतले. भांडण नाही, रडणे नाही. मागितले आणि मिळाले. नऊ वर्षांत ते मागितले गेले नव्हते, एवढेच. तेव्हापासून महिन्यातून दोनदा सिस्टर आमच्याबरोबर तुंगारेश्वरला येतात, किंवा घरी झोपतात. झोपल्या तर आम्ही हाक मारत नाही.

पापडीत अजूनही कोणी विचारते, "एवढे पैसे घालून बर्फावर चढलात, कशाला?" मावशी टोपलीतले पापलेट उलटेपालटे करत म्हणतात, "बर्फ ताजा हाय का बघायला."

वाचक भगिनींपैकी कोणाला जावेसे वाटले, तर चार गोष्टी अनुभवाने सांगते. डॉक्टरांना आधी विचारावे. रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल तर विशेषच. लेहला पोचल्यावर निदान दोन दिवस काही करू नये. जानेवारी-फेब्रुवारी हे महिने बर्फाला चांगले. साधने तिथे भाड्याने मिळतात, पण शिक्षक जाणता हवा आणि हेल्मेट काढू नये. हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत, कारण एक भिजतोच. खिशात वसईची सुकेळी ठेवावी. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी आपल्या हवेत मऊ असते, तिकडे दगडासारखी होते, म्हणून आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. आणि भिशी आजच सुरू करावी. दोन वर्षे लागतात.